मामांचे हात

आमच्या नगरच्या कॉलेजातल्या जुन्या स्पेक्ट्रोमीटरला प्रकाश टिपणारा नवा डिटेक्टर मिळावा म्हणून मी दोन वर्षं अर्ज करत होते. काम होतं चिलखतात बसवायच्या कठीण सिरॅमिकचं. गोळी झेललेल्या प्लेटच्या तुकड्यावर लेझर टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढायचा आणि आत काय मोडलंय ते बघायचं.

प्रयोगशाळेचे शिपाई म्हणजे आमचे मामा, मूळचे राजूरकडचे. डिटेक्टर आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तुकडे धुऊन चिमट्याने यंत्रात ठेवायचं काम त्यांचं. आलेख सुरू करण्याआधी ते खोलीतली ट्यूबलाइट बंद करत. पूर्वीच्या सरांनी शिकवलं होतं, एवढंच त्यांना ठाऊक. डिटेक्टर बसला त्या दिवशी मी म्हटलं, "मामा, दिवा राहू द्या. मला वहीत लिहायचं असतं."

त्यानंतर प्रत्येक आलेखात एक जादा टोकदार शिखर येऊ लागलं. तुकडा कुठलाही असो, जागा तीच. तुकड्यांना हाताचं तेल लागतंय, असं मी ठरवून टाकलं. एम.एस्सी.च्या मुलांसमोर म्हणाले, "मामा, तुमच्या हातांमुळे माझं काम नासतंय."

"हात धुतलेत मॅडम. लई बार धुतलेत."

"मग हे कुठून आलं?"

"ते मला कसं कळनार? दिवा तेवढा बंद करून बघा."

मुलं हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून मामांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथला क्लार्क म्हणाला, "या मामा, बढती झाली म्हणायची. आता खुर्च्या मोजा."

तुकडे मी स्वतः धुऊ लागले. शिखर तिथंच. तेव्हाच मामांना परत बोलवायला हवं होतं. मी साबण बदलला.

महिन्याने एका दुपारी वीज गेली. यंत्र यूपीएसवर चालू राहिलं, ट्यूबलाइट विझली आणि पुढच्या आलेखात शिखर नव्हतं. वीज आली, शिखर आलं. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याचा प्रकाश आलेखात ठरलेल्या जागी रेषा उमटवतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

स्टोअरमध्ये जाऊन म्हटलं, "मामा, ते दिव्याचंच होतं. तुमच्या हातांचा दोष नव्हता."

"ते मला ठावं हाय," मामा म्हणाले. "पोरांना सांगितलं का?"

"सांगते."

सांगितलं नाही. अहवालात 'बाहेरच्या प्रकाशाचा दोष दूर केला' असं लिहिलं. कुणाचं ऐकलं नाही म्हणून तो आला, ते लिहिलं नाही. निरोपाच्या चहाला मी मामांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. मुलं समोर बसली होती. मामा हार हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी कप गोळा करायला लागले.

पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्याच तासाला मी सगळं सांगितलं, काही न वगळता. सांगून झाल्यावर एकीने विचारलं, "मॅडम, कोण मामा?"