लॅबमामांचे गव्हांकुर

लॅबमामांना कुणी काही सांगितलं की ते आधी "असं?" म्हणायचे आणि मग समोरचा हैराण होईपर्यंत विचारत राहायचे. चिखलीच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. शिक्षण दहावीपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेला. सर प्रयोग दाखवून निघून जात आणि मामा परीक्षानळ्या धूत धूत आम्हाला विचारत, "आयोडीन टाकलं तं बटाटा निळा झाला. मंग कांदा काऊन नाई होत?" आम्हाला येत नसे, त्यांनाही येत नसे. दुसऱ्या दिवशी ते घरून कांदा, रताळं, साबुदाणा असं सगळं घेऊन येत आणि मधल्या सुट्टीत आम्ही थेंब थेंब टाकत बसत असू.

पुढे मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. शाळेत ते मला "मॅडम" म्हणत, मी त्यांच्या घरी गेले की "पोरी". निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, पण यकृतावर एक डाग राहिला होता, म्हणून केमो सुरू झाली. मुलगी लग्न होऊन नागपूरला असल्यामुळे माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण गव्हांकुर सांगायचा. कुणी म्हणे रक्त वाढतं, कुणी म्हणे गाठ विरघळते. मामा विचारत, "असं? तुमी कोणाले देलं? तो आता कसा हाय?" बहुतेकांनी कुणालाच दिलेलं नसे, मोबाइलवर वाचलेलं असे. तरी मामांचं कुतूहल चाळवलंच. शाळेनं मोडीत काढलेले इनॅमलचे सात ट्रे त्यांच्याकडे होते. ते त्यांनी व्हरांड्यात मांडले. रोज एका ट्रेत गहू पेरायचा, आठव्या दिवशी पहिला ट्रे कापायला तयार. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "बैल इतकं खुशीत काऊन खातात, ते काई समजलं नाई."

रस मात्र दोन कप निघायचा. दुसरा मामींसाठी.

"मले काय झालं?" मामींनी विचारलं.

"तुले काई नाई झालं म्हणूनच. मले फरक पडला तं तुलेही पडते का, ते पाहा लागते."

मामी नाक दाबून पीत. मामा वहीत रोज दोघांची भूक, झोप आणि गव्हाची उंची लिहीत. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन वाढलं. मामींनी गल्लीभर सांगितलं. मामा रिपोर्ट हातात धरून बसले होते. "याच हप्त्यात रक्ताची पिशवीही चढवली होती. मंग नाव कोणाचं लिहू?" त्यांनी वहीत लिहिलं, "माहीत नाही." मी इतकी वर्षं प्रयोगवह्या तपासते आहे, हे उत्तर कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

चौथ्या केमोनंतर त्यांना ताप चढला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. पांढऱ्या पेशी खूप कमी झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी काय काय खाता असं विचारल्यावर मामींनी मामांचा हात दाबला, पण मामांनी रसाचं सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताप त्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही. पण पेशी कमी असताना कच्चं काही नको. गव्हाच्या मुळांत बुरशी धरते, ती पात्यांनाही लागते, गाळून जात नाही. पालेभाजी स्वच्छ धुऊन, शिजवून खा."

"मंग गव्हांकुर शिजवला तं?"

"मग ती भाजीच झाली, मामा," त्या हसून म्हणाल्या.

पेशी सावरल्यावर मामा तोंडाला मास्क लावून शाळेत आले. ट्रेमधल्या मुळांची मी काचपट्टी तयार करून ठेवली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या धाग्यांचं जाळं आणि त्यावर काळी बोंडं दिसत होती. मामा बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. "लय सुंदर हाय हे," ते म्हणाले, "पण पोटात नको." त्या दिवशी सातही ट्रे शेजारच्या शेळीपुढे रिकामे झाले. मामींनी तांदुळजा, चिवळ, शेवग्याचा पाला मुगाच्या डाळीत मऊ शिजवायला सुरुवात केली. केमोनं तोंडाला लोखंडासारखी चव आलेली असे. त्यात चिवळ तेवढी त्यांना गोड लागायची.

खरा पेच पुढे पडला. मामींचे भाऊ मोताळ्याहून आले. तिकडे एक जण कॅन्सरवर हिरवा रस देतो म्हणाले, पण त्याची अट अशी की केमो बंद करायची. मामांच्या तोंडात फोड आले होते, पायाला मुंग्या यायच्या. मामींचा धीर सुटला. "बंद करा ते. मले पाह्यवत नाई." मामा त्या दिवशी काहीच विचारत नव्हते, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी ते म्हणाले, "चाल पोरी, जाऊन पाहू." माझ्या गाडीतून आम्ही तिघं मोताळ्याला गेलो. त्या माणसानं आदरानं बसवलं, नावांची जाड वही दाखवली.

"यातले आता किती हायेत?" मामांनी विचारलं.

"बरे होतात ते भेटाले येतात."

"अन् जे येत नाईत?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली असंन."

मामा हात जोडून उठले. गाडीत बसल्यावर ते मामींना म्हणाले, "तो 'माईत नाई' म्हणाला असता ना, तं म्या इचार केला असता." मामी वाटभर खिडकीबाहेर पाहत रडत होत्या. पण पुढच्या केमोला जायची कपड्यांची पिशवी त्यांनीच भरली.

केमो पूर्ण झाली, डाग बारीक झाला. मामांना तीन वर्षं चांगली मिळाली. मधून मधून ते शाळेत येऊन मुलांना भंडावून सोडत. मग आजार यकृतात परतला आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

परवा मी मामींकडे बसले होते. अमडापूरची एक तरुण बाई पत्ता शोधत आली. तिच्या नवऱ्याची केमो सुरू आहे. "तुमच्या मालकांनी गव्हांकुरावर तीन वर्षं काढली म्हनतात. ते कसं लावाचं, सांगता का?"

मामींनी तिला पाणी दिलं. "ते गेले, हे आधी सांगते. केमोनं डाग बारीक झाला, ते फोटोत दिसलं. रसानं काय झालं, ते आमाले समजलंच नाई. भाजी शिजवून घाल, ते मी शिकवते. तुह्या मालकाच्या पांढऱ्या पेशी किती हायेत?"

बाईला ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना विचारलं का, यावर ती खाली मान घालून म्हणाली, "आमाले विचाराले भेव वाटते."

"कधी जाणं हाय?"

"मंगळवारी."

"मी येते संगं," मामी म्हणाल्या. "तू फक्त बसजो. इचारीन मी."