दुर्बीणबाईंचा खडा

रुग्णालयातल्या आमच्या विभागात पोट तपासायच्या दुर्बिणी धुणाऱ्या बाईंना सगळे दुर्बीणबाई म्हणायचे. हे नाव एका चावट डॉक्टरांनी ठेवलं होतं आणि बाई ते पदवीसारखं मिरवायच्या. मी तिथली परिचारिका. तपासणी झाली की पोटातून काढलेली दुर्बीण मी भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडे द्यायची. बाई ती पाण्यात बुडवून कुठून बुडबुडे येतात का बघायच्या, मग आतल्या नळीतून लांब ब्रश ओढायच्या. बावीस वर्षं हेच काम. पण दुर्बीण पोटात जाऊन काय करते, ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पित्ताचे खडे पकडायच्या जाळीच्या तारा वाकून आल्या की म्हणायच्या, "आज खडा हट्टी होता वाटतं!" आणि तो हट्टी असायचाच.

एके सकाळी त्या खिडकीत आल्या आणि मी बघतच राहिले. डोळे पिवळेधमक.

"बाई, आरसा बघितलात का आज?"

"मला आरशासमोर उभं राहायला वेळ कुठे असतो?" त्या म्हणाल्या आणि तिथेच पोट धरून खाली बसल्या.

पित्ताच्या नळीत खडा होता, जवळजवळ बोराएवढा. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं, पण तो जागचा हलेना. मग पित्त वाहतं राहावं म्हणून त्यांनी नळीत प्लास्टिकची एक बारीक नळी बसवली आणि बाहेर आले. आठवड्याभरात कावीळ उतरली आणि बाई खिडकीपाशी हजर! पण ती सोय तात्पुरतीच होती. खडा आतच होता.

पुढचं ठरवायला डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. बाईंचे यजमान शाळेची बस चालवायचे. ते टोपी हातात धरून गप्प बसले. बोलत होत्या त्या थोरल्या नणंदबाई.

"आठ वर्षांपूर्वी हिची पित्ताची पिशवी काढली ना? मग खडा आला कुठून?"

"पिशवी गेली, नळी आहे ना," डॉक्टर हसत म्हणाले. "नळीतही खडा होतो."

"मग कापा नि मोकळे व्हा. माझं बघा, एवढी मोठी चीर आहे, पण परत त्रास नाही." त्या चीर दाखवायच्या बेतात होत्या. यजमानांनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.

डॉक्टरांनी कागदावर नळी काढली. "पहिला उपाय फुग्याचा. नळीचं तोंड रुंद करायचं आणि खडा ओढून काढायचा. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. पण बाईंची नळी खाली अरुंद आहे. जास्त ताणली तर फाटेल. दुसरा, जाळीत धरून फोडायचा."

"जाळी उघडायला जागा नको का?" बाई मध्येच म्हणाल्या. "खडा नळीला चिकटून बसलाय. जाळी घातलीत तर तीच अडकायची. तशी अडकलेली दोनदा आलीय माझ्याकडे, तार तुटून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अगदी बरोबर. म्हणून तिसरा. मोठ्या दुर्बिणीतून एक बारीक कॅमेरा थेट नळीत न्यायचा आणि खडा समोर बघून लेझरने फोडायचा. वेळ जास्त लागतो, नंतर ताप येऊ शकतो, कदाचित दोनदा यावं लागेल. एवढं करूनही नाही जमलं तर ऑपरेशन. पण आधीच्या ऑपरेशनमुळे आत सगळं चिकटलेलं असणार, म्हणून ते शेवटी."

"लेझर," बाई म्हणाल्या. यजमानांनी मान डोलावली. नणंदबाईंनी सुस्कारा सोडला.

लेझरच्या आदल्या दिवशी बाई सुट्टीवर होत्या. तरी दुपारी धुण्याच्या खोलीत पाण्याचा आवाज आला म्हणून मी डोकावले, तर या ॲप्रन चढवून उभ्या!

"अहो, तुम्हाला आराम सांगितलाय!"

"उद्या जी माझ्या पोटात जाणार, ती दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडू होय?"

लेझरला सव्वा तास लागला. बाई झोपेच्या औषधाखाली शांत. पडद्यावर गुलाबी नळी, त्यात तपकिरी खडा, त्यावर लेझरचा हिरवा ठिपका. टक् टक् करत आधी कडा उडाल्या, मग मधोमध चीर गेली आणि खड्याचा चुरा झाला. पाण्याने नळी धुऊन डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बघितली. एकही तुकडा उरला नव्हता. मी मास्कच्या आत हसत होते.

दुसऱ्या दिवशी ताप नाही, दुखणं नाही. डॉक्टरांनी चित्रण दाखवायला त्यांना पडद्यासमोर बसवलं. बाई पुढे सरकल्या, आणखी पुढे सरकल्या. खडा फुटताना त्यांनी माझा हात गच्च धरला.

"एवढं सुंदर असतं होय हे?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि मी बावीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी!"

मग त्यांनी ते आणखी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा यजमानांनाही ओढून आणलं.

तेवढ्यात नणंदबाई डबा घेऊन आल्या. "झालं का सगळं? बरं, खडा कुठाय? दाखव की."

"त्याचा चुरा झाला, वन्सं. वाहून गेला."

"म्हणजे दाखवायला काहीच नाही?" त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग शेजारणीला मी सांगू काय?"

यजमान इतके दिवस गप्प होते. ते एवढ्या मोठ्याने हसले की पलीकडच्या वॉर्डातून कोणीतरी बघायला आलं.