तुमचा माणूस

आयर्लंडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका नर्सवर भडकले होते. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलमध्ये नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले होते, आणि ही बाई मला म्हणाली, "चार नंबरच्या कॉटवरचा युअर मॅन तुला विचारतोय." माझा माणूस? माझा नवरा तेव्हा पुण्यात व्हिसाची वाट बघत बसला होता. मी फणकाऱ्यानं सांगितलं की माझं लग्न झालंय आणि चार नंबरशी माझा काडीचा संबंध नाही. अख्खा वॉर्ड हसला. इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो माणूस', आपण 'तो बुवा' म्हणतो तसं. त्यात तुमचं-आमचं काही नसतं. ही फजिती मी फोनवर सगळ्या मैत्रिणींना सांगितली. बाबांना मात्र नाही सांगितली. असल्या गोष्टी वडिलांना कुठे सांगतो आपण.

गेल्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बार्शीकडच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. माझी लेक चौदा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इथल्या हेलातल्या इंग्रजीत. दोघांची गट्टी जमली ती अमेरिकेच्या सातव्या राष्ट्राध्यक्षामुळे. लेकीला शाळेत एका ऐतिहासिक व्यक्तीवर भाषण करायचं होतं आणि चिठ्ठीत हा निघाला. त्याचे आईबाप याच बेटाच्या उत्तरेकडून तिकडे गेलेले, म्हणून बाईंनी त्याला यादीत घातलं होतं.

"अगं, हा तर माझा आवडता धडा!" बाबा उडालेच. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. जन्माआधी बाप गेलेला, चौदाव्या वर्षी आई गेली, आणि असा पोरका मुलगा बड्या घराण्यांच्या नाकावर टिच्चून राष्ट्राध्यक्ष झाला. शपथविधीच्या दिवशी चिखलाचे बूट घातलेली साधी माणसं त्याच्या घरात घुसली आणि त्याला बघायला चक्क गाद्यांच्या खुर्च्यांवर उभी राहिली. "इतिहासातला पहिला आपला माणूस!" बाबा म्हणायचे.

गावाकडे निवडणूक आली की चौकाचौकात 'आपला माणूस' लटकत असतो आणि मला त्या शब्दाचा वीट आलाय. पण बाबांच्या तोंडी तो खरा वाटायचा. ते त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. वर्गातली निम्मी मुलं अनवाणी यायची आणि या धड्याला बाबांचा आवाज चढायचा. मी त्याच वर्गात बसलेय. त्या खुर्च्यांवर आपणच उभे आहोत असं वाटायचं.

भाषणाला आठ दिवस उरले असताना लेक शाळेतून तणतणत आली. इथल्या शाळांतून चॉक्टॉ लोकांची गोष्ट सांगतात. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून माणसं उपाशी मरत होती, तेव्हा अमेरिकेतल्या या मूळ रहिवाशांनी आपापसांत वर्गणी काढून इकडे मदत पाठवली. त्यांचे स्वतःचेच हाल चालले होते. थोड्याच वर्षांपूर्वी त्यांना बापजाद्यांच्या जमिनीवरून हुसकावलं होतं आणि वाटेत थंडीनं, रोगानं त्यांची माणसं मेली होती. हुसकावण्याचा तो कायदा ज्यानं रेटून नेला, तो हाच राष्ट्राध्यक्ष. शिवाय त्यानं गुलामही बाळगले होते.

"आजोबा, यू न्यू?" लेकीनं विचारलं.

"ठाऊक होतं."

"मग सांगितलं का नाही?" हे अर्थात इंग्रजीत.

बाबा गडबडले. "पुस्तकात एकच ओळ होती गं. परीक्षेला येत नव्हतं."

तिनं वही मिटली आणि वर निघून गेली. त्यानंतर आठ दिवस आजोबांशी तिचा एकच शब्द. पोहे कसे झालेत? ग्रँड. शाळा कशी होती? ग्रँड. इथे हा शब्द 'छान'साठीही चालतो आणि 'माझ्या नादी लागू नका'साठीही. बाबा रविवारी परत जाणार होते. त्यांचं वय बघता ते पुन्हा इतका प्रवास करतील असं मला वाटत नव्हतं, आणि ही दोघं अशी अबोल्यातच दुरावणार होती. मी लेकीला रागावले, बाबांनाही रागावले. कुणीच ऐकलं नाही.

भाषण शुक्रवारी होतं. पालकांना आणि आजी-आजोबांना बोलावलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसले. लेक मंचावर उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या भाषेत सुरू झाली. युअर मॅन पोरका होता. युअर मॅन निवडून आला. खुर्च्यांची गोष्टही तिनं सांगितली, बाबांचेच हातवारे करत. मग, युअर मॅननं माणसांना घरातून हाकललं. युअर मॅननं मागे वळून पाहिलं नाही.

दर 'युअर मॅन'ला बाबांची मान थोडी खाली जात होती. ते त्याचा अर्थ 'तुमचा माणूस' असाच घेताहेत हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. कुणाला काही विचारायचंय का, असं बाईंनी म्हणताच बाबा उठले.

"येस," ते आपल्या वर्गातल्या इंग्रजीत सावकाश म्हणाले. "ही इज माय मॅन. शी इज राइट. बत्तीस वर्षं मी अर्धाच धडा शिकवला. माझ्या मुलांना तो हवा होता, मलाही हवा होता. उरलेला अर्धा मला ठाऊक होता. सॉरी."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाला काही कळेना. लेकीला मात्र कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती खाली येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. टाळ्या वाजत असताना तिनं त्यांचा हात धरला होता.

घरी पोचल्यावर बाबा गाडीतून उतरून पुढे गेले. लेक मागेच थांबली आणि माझी बाही ओढून, चक्क मराठीत म्हणाली, "आई, युअर मॅनचा अर्थ आजोबांना नको सांगू. ते खरा बोलले."

'खरा' नाही गं, 'खरं', असं एरवी मी म्हटलं असतं. त्या दिवशी नाही म्हटलं.