ओट्यावरची प्रश्नावली

कापी, म्हणजे तुमची कॉफी, निवली तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. माणूस किती पद्धतशीरपणे चुकू शकतो, ते तरी कळेल!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. तंजावूरला रॉकेलचे स्टोव्ह विकणाऱ्या एका कंपनीत मी प्रचाराच्या कामावर नुकताच लागलो होतो. सहा महिन्यांत काम दाखवलं तर नोकरी कायम, नाही तर नमस्कार.

आमचे साहेब मद्रासचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आधी लोकांना विचारायचं, मग प्रचार ठरवायचा. मी थक्क! तोवर प्रचार म्हणजे बैलगाडीवर कर्णा बांधून ओरडणं, एवढंच आम्हाला ठाऊक. लोकांना विचारायचं असतं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

छापील प्रश्नावली घेऊन मी राजवाड्यामागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जावं तिथे ओट्यावर घरधनी बसलेला. नवी वस्तू घ्यायची तर निर्णय कोणाचा? 'माझा.' पुढचं घर? 'माझा.' एका आजोबांनी तर मांडीवर थाप मारून सांगितलं, आणि आतून हाक आली तसे लगबगीने उठून गेले. तेव्हा तरी मला कळावं की नाही? छे! मी त्यांचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

मग योजना आखली. सगळा प्रचार पुरुषांसाठी! न्हाव्याच्या दुकानात पाट्या, कापी क्लबात स्टोव्हचं प्रात्यक्षिक. गर्दी काय विचारता! लोकांनी स्टोव्ह पाहिला, वाखाणला, फुकटची कापी प्याली आणि घरी गेले. महिनाभरात एकच स्टोव्ह खपला. तोही मी घेतलेला.

साहेबांनी शांतपणे पंधरा दिवसांची मुदत दिली. मी घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो. आमच्या मंडळींनी सगळं ऐकून घेतलं.

"स्वैपाक करणारीला विचारलंत?"

"त्या कुठे ओट्यावर येतात?"

"मग परसदारी जायाचं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आमचा स्टोव्ह पदराआड घेऊन गल्लीतली परसदारं फिरून आली. हातात ना कागद ना पेन्सिल! आल्यावर म्हणाली, "सुनांना स्टोव्ह हवाय. सासवा म्हणतात, नैवेद्य रॉकेलवर नको, मडी मोडते." मडी म्हणजे आमच्याकडचं सोवळं. "पण पहाटेची कापी झटकन मिळाली तर सासवांनाही हवीच आहे. तुम्ही स्वैपाकाचं नाव काढू नका. कापीचा स्टोव्ह म्हणा."

मी आ वासून बघत राहिलो. खरं सांगतो, तंजावूरच्या मोठ्या देवळाचं शिखर पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही मी असा आ वासला नव्हता. मी महिनाभर वह्या भरल्या, आणि हिने एका सकाळी अख्खी गल्ली वाचून काढली!

पाट्या बदलल्या. 'चूल तशीच राहू द्या, कापीला स्टोव्ह घ्या.' पंधरा दिवसांत गोदाम रिकामं.

नोकरी कायम झाली. श्रेय कोणाचं, ते मी साहेबांजवळ कबूल केलं. तेही थक्क झाले आणि त्यांनी हुकूम काढला की यापुढे प्रत्येक घरी प्रश्नावली दोनदा भरायची, एकदा ओट्यावर, एकदा परसदारी. सुरुवात माझ्या घरापासून.

ओट्यावरची मी भरली. निर्णय कोणाचा? 'माझा.' सवय हो, काय करणार!

परसदारची हिने तमिळमध्ये भरली. साहेबांनी ती कचेरीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली.

"निर्णय यांचाच. कोणता घ्यायचा, ते मी सांगते."