पडद्यावरच्या रस्त्यात सोयाबीन

मित्रांनो, आज मी सूड घेतला, तरी जिवाची घालमेल थांबत नाही.

मागच्या हंगामात केनवडच्या रस्त्यावर आम्ही सोयाबीन वाळत घातलं होतं, वरून गाड्या जाऊ नयेत म्हणून भोवती दगड होते. शेजारच्या, नुकतीच गाडी शिकलेल्या वैष्णवीने दगड चुकवायला गाडी वळवली आणि तिथेच वाकून सोयाबीन पसरवणाऱ्या माझ्या बायकोचा पाय मोडला. ती अजून लंगडते.

सध्या रिसोडच्या कॉलेजात नवशिक्या पोरापोरींना पडद्यासमोरच्या खोट्या गाडीत बसवून धोके ओळखायला शिकवतात. कोणते धोके दाखवायचे, हे तिथल्या सरांनी आम्हा गावकऱ्यांना विचारलं होतं. मी सांगितलं, रस्त्यावर सोयाबीन, भोवती दगड आणि वाकलेली म्हातारी.

आज त्या गाडीत वैष्णवी बसली, मी सरांजवळ उभा होतो. तिने दगड चुकवला आणि पडद्यावरच्या म्हातारीला उडवलं.

"सर, अजून एकडाव लावा."

"बाबा, पोरगी रडून राह्यली."

"रडू द्या. माही बायको बी रडली."

तिसऱ्या वेळी ती लांबच थांबली.

घरी येऊन बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "तिले तीनदा बसवलं तुमी. पण तवा रस्त्यावर थे दगडं कोणं मांडले होते?"

मीच मांडले होते. वैष्णवीला मी माफ केलेलं नाही. पण तुम्हीच सांगा, आता त्या गाडीत मला कितीदा बसवायचं?