सुकलालच्या नावाची मूठ

पुंजूआप्पा कुठल्याही पंगतीला बसला की आधी शेजारच्या जागेवर आपला रुमाल टाकायचा. जागा सुकलालची. तो ढोरांना पाणी पाजून येईपर्यंत तिथं कोणी बसायचं नाही. मी एकदा बसलो. मला अक्षर वाचता येत नाही, तसा टाकलेला रुमालही दिसत नाही. आप्पा वाढणाऱ्याला म्हणाला, "याले वाढू नको, हाऊ माणूस उठी ऱ्हायना." उठलो, दुसरं काय करणार.

आप्पा माझा थोरला चुलतभाऊ. शहाद्याच्या खाली, तापीकडं आमचं गाव, तिथं आप्पाच्या घरचा केळीचा मळा. सुकलाल तापीपलीकडचा, आमच्याच जातीतला. घड तोडायला आला तो परत गेलाच नाही. मळ्यातल्या खोलीत दोघं राहायचे. एक रांधायचा, एक भांडी घासायचा. भांडणंही मिठावरून, नवराबायकोसारखी. गावाला सगळं कळत होतं. पारावर कोणी टोमणा मारायचं, "काय आप्पा, आज घरवाली दिसत नही?" आप्पा चालता चालता म्हणायचा, "भाकरी टाकी ऱ्हायना. तुन्हा करता बी टाकाले सांगू का?"

माझं लग्न मात्र वाजतगाजत झालं. घोड्यानं मला वेशीतच पाडलं. बायको पहिल्या महिन्यातच माहेरी पळाली, ती सासऱ्यानं आणून सोडली. म्हणाला, "आते हाई वस्तू तुन्ही." मला म्हणाला की तिला, ते अजून ठरलेलं नाही. आमचं पटत नव्हतं, तरी त्या श्रावणात कानबाईच्या गव्हात तिच्या नावाची मूठ पडली.

आमच्याकडं श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीचे, गहू घेताना घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकतात. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. मूठ पडली म्हणजे तू घरचा.

त्याच श्रावणात, गव्हाचं सूप पुढ्यात असताना, आप्पाचा थोरला भाऊ ओंकारदादा म्हणाला, "पुंजू, तुन्हा करता पोर देखी ठेयेल शे. हो म्हन. पुढला साल तुन्ह्या दोन मुठी."

"दोन ते आजच टाक. एक मन्ही, एक सुकलालनी."

बायका पदरात हसल्या. दादा हसला नाही. "तो सालदार शे."

"सालदार ते मी बी शे तुन्हा. बारा महिना राबस, नि तू देस ते खास. त्या पोरले आणीसन काय करू, दादा? मन्हा जीव तठे नही. तिन्हा जलम बी वाया जाई."

"मंग तुन्ही मूठ बी पडाव नही."

मी तिथंच होतो. माझी मूठ पडली होती, आणि मी कोणत्या कामाचा हे सगळ्या घराला ठाऊक होतं. आप्पा उठला, देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळाला हात जोडले. "माय, तू देखी ऱ्हायनी ना? मंग बस." आणि मळ्यावर गेला.

त्यानंतर आप्पाला लग्नाचं, बारशाचं बोलावणं बंद झालं. मी मळ्यावर जायचो. सुकलालच्या हातची भाकरी माझ्या घरच्यापेक्षा चांगली, हे बायकोलाही मान्य होतं.

पुढं एका हिवाळ्यात सुकलाल तापानं गेला. त्याचे भाऊ आले नाहीत. दादानं निरोप धाडला, सालदार मेला तर मजूर बोलाव. तिरडीला आप्पा, केळीवरचे दोन मजूर आणि मी. मी बुटका, तिरडी माझ्या कोपऱ्याला कलली. आप्पा म्हणाला, "टाचा उचलीसन चाल, नही ते तो उठीसन तुले शिव्या दी." पुढं मयताच्या नोंदीसाठी कोतवालानं आप्पाला अडवून विचारलं, "मयतना तू कोन?"

"घरना."

"घरना म्हंजे? भाऊ का मामा?"

"घरना."

कोतवालाच्या वहीत असलं नातं नव्हतं. त्यानं परस्पर 'मालक' लिहिलं आणि निघून गेला.

दहाव्याला आप्पाला केस काढायचे होते. न्हावी म्हणाला, "सालदारनं सुतक कोनी धरस का?" आला नाही. मग वस्तरा मी घेतला. आजवर मी फक्त बकरी भादरली होती, तीही अर्धी. आप्पाचं डोकं जागोजाग कापलं. तो म्हणाला, "केस काढाले सांगेल व्हतं, डोकं नही." इतके दिवस त्याच्या डोळ्यातून टिपूस नाही, आणि वर मलाच हसवत होता.

सदऱ्यावरचं रक्त पाहून बायकोनं विचारलं. मी सांगितलं.

"दारवर कोन कोन गयथं?" दारवर जाणं म्हणजे मयताच्या घरी दुःखात बसायला जाणं.

"कोनीच नही. मी गयथू."

"तू हसाडाले जास, दारवर नही."

सकाळी तिनं भाकरी-पिठलं बांधलं आणि माझ्यापुढं चालायला लागली. मळ्यावर पोचल्यावर डोक्यावर पदर घेऊन आप्पाच्या उंबऱ्याशी बसली. नवरा गेलेल्या बाईजवळ बायका बसतात तशी. आणि त्या विचारतात तसंच तिनं विचारलं, "आप्पा, शेवटले काय मांगं त्यानी?"

हे आप्पाला कोणी विचारलंच नव्हतं.

"गूळना चहा मांगा," तो म्हणाला. "मी करी लयनू, तवलोंग तो..."

पुढं त्याला बोलता येईना. मोठ्यानं रडायला लागला. मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी गप्प बसलो. ती उन्हं उतरेपर्यंत तिथंच बसून राहिली आणि त्याला रडू दिलं.