तीन ठोके, पाणी बंद

सुरुवातीलाच सांगतो, मी या ग्रुपवर दोन वर्षं आहे तो फक्त मजा बघायला. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाच्या मामाला पिंपळाखाली कोणीतरी तंबाखू मागतं... मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. रस्त्यातलं उतरवलेलं लिंबू मुद्दाम ओलांडून जाणारा माणूस मी. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर मंजू – म्हणजे बायको – हसली नाही, एवढंच सांगतो. आणि आधीच माफ करा, माझ्या गोष्टीत घाट नाही, पिंपळही नाही. संडास आहे. तुंबलेला.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही, बांधून पस्तीस वर्षं झाली. मी ए-विंगला पहिल्या मजल्यावर राहतो आणि तेव्हा सेक्रेटरी होतो. नऊ वर्षं. सेक्रेटरी म्हणजे काय ते सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको – बिनपगारी आणि फुल शिव्या. पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सगळे नियम तोंडपाठ होते. नोटीस लिहावी तर मी, खाली गोल शिक्का मारावा तर मी.

माझ्या बरोबर खाली, तळमजल्यावर, सामंत काका-काकू. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते, रिटायर होऊनही सवय सुटली नव्हती. मी बोर्डावर नोटीस लावली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर लाल पेनाच्या खुणा पडलेल्या असायच्या. लोक नोटीस वाचायचे नाहीत, माझ्या चुका वाचायचे. हसून सोडून द्यायची गोष्ट होती... मी सोडली नाही. काकूंची डावी बाजू अर्धांगाने गेलेली, वॉकर धरून घरातल्या घरात चालायच्या. मुलगी स्मिता लग्न होऊन टिटवाळ्याला.

आमच्या विंगच्या संडासांचा मुख्य पाईप मागच्या बाजूने सरळ खाली चेंबरला येतो. तेव्हा तो जुना, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. चेंबर साफ करायचं असलं की काका पाना घेऊन त्या पाईपवर ठोकायचे – टण, टण, टण. तीन ठोके म्हणजे काम चाललंय, वरून पाणी सोडू नका. काम झालं की दोन ठोके – आता सोडा. मोबाईल नव्हते तेव्हापासूनची पद्धत, काकांनीच सुरू केलेली. तीन ठोके आले की बिल्डिंगमधली शेंबडी पोरंसुद्धा फ्लशवरचा हात मागे घ्यायची.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका शुक्रवारी काका वर आले.

"अविनाश, अरे संडास तुंबलाय. जरा येतोस का?"

गेलो. रबरी पंप मारला, कडकडीत पाणी ओतलं, पुन्हा पंप. गडगडत सगळं खाली गेलं आणि मी विजयी मुद्रेने हात धुतले. एवढ्यात वर कुणीतरी फ्लश केला आणि काकांच्या भांड्यात पाणी गुडगुड करत काठापर्यंत चढलं.

"बघितलंस?" काका म्हणाले. "वरचे पाणी सोडतात तेव्हा माझ्याकडे चढतं. म्हणजे माझ्या भांड्यात काही नाही. पुढे, बाहेरच्या लाईनीत अडकलंय."

अगदी बरोबर होतं त्यांचं. कुणाला उपयोग झाला तर होऊ दे म्हणून सांगतो – एकटं भांडं तुंबलं असेल तर पंप मारा, बहुतेक वेळा निघतं. पण दुसऱ्याच्या पाण्याने तुमच्याकडे पाणी चढायला लागलं, तर पंप बाजूला ठेवा आणि प्लंबरला फोन लावा. तुमच्या हातातलं काम नाही ते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच आमच्या नेहमीच्या दत्ता प्लंबरला बोलावलं. तो बघून माझ्याकडे आला. "साहेब, हे आतलं नाय. चेंबर खोलून सळी घालावी लागंल. परमिशन द्या, तासाभराचं काम हाय."

आणि मी नियमावर बोट ठेवलं. आतलं तुंबलं तर सभासदाची जबाबदारी, बाहेरचं सोसायटीची. आधी बाहेरचं आहे हे सिद्ध होऊ दे.

"तू तसं लिहून दे," मी म्हटलं.

"साहेब, मी प्लंबर हाय, वकील नाय."

"मग कमिटीसमोर ठेवतो. पुढच्या रविवारी मीटिंग आहे."

म्हणजे आठ दिवस. घरात अर्धांगाची बाई आणि संडास तुंबलेला, अशा घराला मी आठ दिवस थांबायला सांगितलं. मंजू म्हणाली, "अहो, द्या ना परमिशन, कोण विचारतंय तुम्हाला?" मी म्हटलं, आज यांना दिली की उद्या सगळे मागतील. खरं कारण लाल पेन होतं, ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

मग ठोके सुरू झाले. काकूंना जायचं असलं की काका आधी पाईपवर तीन ठोकायचे, म्हणजे तेवढा वेळ तरी वरचं पाणी येऊन सगळं बाहेर सांडू नये. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी दोन-तीन जणांनी कटकट केली – ऑफिसची घाई असते, किती वेळ थांबायचं? मला तेवढंच हवं होतं. बोर्डावर नोटीस लावली : पाईपवर ठोकून इतर सभासदांना त्रास देऊ नये. शिक्का मारला. त्या नोटिशीवर लाल पेनाची एकही खूण आली नाही.

ठोके बंद झाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी खिडकीतून काका दिसायला लागले – हातात झाकण लावलेली बादली, मार्केटमागच्या सार्वजनिक शौचालयाकडे चाललेले. काकूंचं घरात भांड्यात करायचे आणि ते घेऊन जायचे. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट इस्त्रीचा. मंजूने जाऊन सांगितलं, काका तुम्ही तरी आमच्याकडे या. "नको गं, होईल रविवारी," म्हणाले. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

रविवारी मीटिंग होती. काका शनिवारी सकाळी गेले. शौचालयाच्या पायरीवरच कोसळले. बादली बाजूला उभीच होती, म्हणे. हार्ट.

मीटिंग झालीच नाही. रविवारी दत्ताने कुणाला न विचारता चेंबर उघडलं आणि सळी घातली. मी शेजारी उभा होतो. सळीला लागून एक पिवळं फडकं बाहेर आलं, काळंमिट्ट झालेलं, पण शिवणीजवळ पिवळं. माझ्या मुलीचा शाळेतला स्पोर्ट्सचा टी-शर्ट. त्याचे दोन तुकडे करून आम्ही लादी पुसायला घेतले होते. रिटायर झाल्यापासून लादी मी पुसतो, आणि घाण पाणी कमोडमध्ये ओततो – सगळेच ओततात. महिन्याभरापूर्वी ओतताना फडकंही गेलं होतं. मी दोनदा फ्लश दाबला, गेलं एकदाचं म्हटलं आणि मंजूला सांगितलं की दोरीवरून उडालं.

"कोणाचं हाय हे?" दत्ताने विचारलं.

"असेल कोणाचं तरी. टाक ते," मी म्हटलं.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. तेराव्याला काकूंनी मला जवळ बोलावलं. जीभ जड झालेली, पण शब्द स्पष्ट होते. "अविनाश, माझ्या कापसाने तुंबलं ना रे? मी टाकायचे कधीकधी त्यात. माझ्यामुळेच हेलपाटे घालावे लागले ह्यांना."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. चारचौघं बसले होते, स्मिता होती, दोन कमिटी मेंबर होते. मी म्हटलं, "आता कशाला ते, काकू..." बस. तुमच्या कापसाने नाही, असं म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी स्मिता त्यांना टिटवाळ्याला घेऊन गेली. तळमजल्याच्या दाराला कुलूप लागलं.

उन्हाळ्यात सोसायटीने बिडाचा पाईप काढून टाकला आणि चारही मजले नवा प्लास्टिकचा बसवला. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. प्लास्टिकच्या पाईपवर तुम्ही पान्याने कितीही ठोका – थप् असा आवाज येतो, आणि तो पहिल्या मजल्यालासुद्धा धड ऐकू जात नाही. आम्ही मग पाणी बंद ठेवायचं असलं की व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायला लागलो.

काका जाऊन सहा महिने झाले असतील. रविवार, सकाळचे साडेदहा, लख्ख ऊन. तळमजल्याच्या वरचा एक जोड गळत होता म्हणून दत्ताला बोलावलं. तो मागच्या बाजूला पाईपखाली बसला आणि त्याने जोड सोडवला – वरचा पाईप आता त्याच्या तोंडावर उघडा. मी टॉर्च धरून शेजारी. रविवारची आंघोळी-धुण्याची वेळ, चारही मजल्यांवर माणसं घरात.

टण. टण. टण.

अगदी स्पष्ट. लोखंडावर लोखंड. दत्ताने मान वर न करता विचारलं, "वरून कोण ठोकतंय, साहेब?" आवाज वरून नव्हता आला. आमच्या पाठीमागून, काकांच्या मोरीच्या भिंतीच्या आतून आला होता.

दत्ताचं काम वीस-पंचवीस मिनिटं चाललं. वरून पाण्याचा थेंब आला नाही. जोड बसवून झाल्यावर मी खिशातून मोबाईल काढला. मेसेज टाईप केलेला तसाच होता : "कृपया अर्धा तास पाणी..." पाठवायचाच राहिला होता!

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून देशपांडे वहिनींनी डोकं बाहेर काढलं. "झालं का हो? किती वेळ थांबायचं? दोन ठोके कधी देताय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं थांबायला?" मी विचारलं.

"अहो, तीन ठोके ऐकले ना आत्ता!"

एकेकाला विचारलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर सगळ्यांनी ऐकले होते, सगळ्यांनी नळ बंद केले होते. जुन्या लोकांचं सोडा, त्यांच्या अंगवळणी पडलंय. पण चौथ्या मजल्यावर भाड्याने आलेल्या मॅडमना यायला जेमतेम महिना झालेला, त्यांना ठोक्यांची पद्धत माहीतच नव्हती. त्या म्हणाल्या, "काहीतरी लोखंडी वाजलं तीनदा. का कोण जाणे, बादली उपडी करणार होते ती खाली ठेवली."

स्मिताने घराची चावी माझ्याकडेच ठेवली होती. दत्ताला घेऊन काकांचं घर उघडलं. लादीवर धूळ, तिच्यावर एक पाऊल नाही. मोरी कोरडी. पाना, पकड, लोखंडाचा तुकडा – काही नाही. दत्ता बाहेर आला, चपला घातल्या आणि एकदम म्हणाला, "माझ्या तोंडावर आलं असतं सगळं, साहेब." मग थोड्या वेळाने, "काकांनी कधी येऊ दिलं नसतं."

मला राहवलं नाही. जे काकांच्या घरात आठ दिवस येत राहिलं, ते दुसऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून... मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. दत्तासमोर, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा. मग त्याला सांगितलं, ते फडकं माझं होतं. तो म्हणाला, "म्हाईत हाय. दुसरा तुकडा तुमच्या बाल्कनीत वाळत होता की तेव्हा."

दुपारी जेवलो नाही, टिटवाळ्याला गेलो. स्मिताने दार उघडलं. काकू आतल्या खोलीत होत्या. चहा टाकता टाकता स्मिता हळूच म्हणाली, "अविनाशदादा, बरी आहे आई, फक्त एक विचित्र सवय लागलीय. संडासात फ्लशला हात लावत नाही. मी नसले तर तशीच बसून राहते. म्हणते, मी दाबलं की तुंबतं."

मी काकूंसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं. फडकं, दत्ता, परमिशन, नोटीस, लाल पेन, तेराव्याचं गप्प बसणं. मधे थांबलो असतो तर पुन्हा पळ काढला असता, म्हणून थांबलो नाही.

काकूंनी एवढंच विचारलं, "माझा कापूस नव्हता?"

"नाही काकू. कधीच नव्हता."

"हे रोज सांगायचे, तुझं काही नाही गं, बाहेरच्या लाईनीत आहे. मला वाटायचं माझी समजूत घालतायत." मग म्हणाल्या, "खरंच बोलत होते म्हणजे."

मला वाटलं होतं शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या. त्यांनी वॉकर ओढला आणि सावकाश आत गेल्या. मी आणि स्मिता चहाचे कप धरून बसलो. आतून फ्लशचा आवाज आला. स्मिताने कप खाली ठेवला आणि पदराने तोंड झाकलं. "सहा महिन्यांत पहिल्यांदा," एवढंच म्हणाली.

सेक्रेटरीपद मी सोडलं. त्या ठोक्यांचं काय, ते मला आजही सांगता येत नाही. त्या नव्या पाईपवर मी स्वतः पान्याने, हातोडीने, खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून बघितलंय – तो आवाज निघत नाही. दत्ता म्हणतो काका. तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा, मी हसणार नाही.

भीती वाटते का, असं विचाराल. ठोक्यांची नाही वाटत. पण ते वाजले नसते तर मी टिटवाळ्याला कधी गेलो असतो, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर दर वेळी एकच येतं. गेलोच नसतो.